सोसायटीच्या प्रॉक्सीचा पासवर्ड

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात इंटरनेट सरळ येत नसे. ते आधी आतल्या खोलीतल्या एका जुनाट कॉम्प्युटरमध्ये जाई, तिथे त्याची झडती होई, आणि मग बाहेरच्या तीन कॉम्प्युटरांच्या वाट्याला येई. या आतल्या कॉम्प्युटरला प्रॉक्सी म्हणतात हे मला कामाला लागल्यावर आठवड्याभराने कळलं. तोवर मी त्याला बिघडलेला समजून त्याच्यावर फायली ठेवत होते.

प्रॉक्सी बसवला होता आमच्या जुन्या सेक्रेटरींनी. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. मुरुडच्या अलीकडचं आमचं गाव लहान, ऑफिस त्याहून लहान. पण भर दुपारी सोसायटीचे डायरेक्टर ऑफिसच्या इंटरनेटवर सिनेमे बघत बसायचे आणि भाऊंना अलिबागला एक साधा ईमेल पाठवायला संध्याकाळ व्हायची. म्हणून त्यांनी एका तंत्रज्ञाला बोलावून हा पहारेकरी बसवून घेतला. नाव आणि पासवर्ड दिल्याशिवाय तो कुणाला सोडत नसे. भाऊंनी तिन्ही कॉम्प्युटरांच्या ब्राउझरमध्ये तो पासवर्ड स्वतःच्या हाताने घातला, 'लक्षात ठेव' वर टिचकी मारली आणि पुढे तो कुणालाही सांगितला नाही. मी लागल्यावर सहा महिन्यांत ते रिटायर झाले आणि पालीला मुलीकडे राहायला गेले. पासवर्ड ब्राउझरला पाठ होता, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते दोन वर्षांनी, श्रावणात.

एका संस्थेने आम्हाला समुद्राच्या हवामानाचं सॉफ्टवेअर फुकट दिलं. वारा कुठून, लाट किती फूट, पुढच्या तीन दिवसांत काय होणार, सगळं रंगीत नकाशावर. सोबत एक भला मोठा टीव्हीही दिला. तो ऑफिसच्या खिडकीत लावायचा, म्हणजे होड्या लोटण्याआधी माणसं बाहेरूनच बघून जातील. उद्घाटन नारळी पौर्णिमेला ठरलं. संस्थेचे साहेब मुंबईहून मांडव्याला बोटीने उतरून येणार होते. मंडप, स्पीकर, नारळ, शाल, सगळ्याची वाटणी झाली आणि सॉफ्टवेअर चालू करायचं काम माझ्याकडे आलं.

मी ते टाकलं. ते उघडलं, निळा समुद्र दिसला, आणि त्या समुद्रावर पाटी आली: इंटरनेट सापडत नाही.

"सापडत न्हाय म्हंजे?" चेअरमन माझ्या खुर्चीच्या मागेच उभे होते. ते आयुष्यभर तांडेल होते, म्हणजे होडीचे कप्तान, त्यामुळे बोलताना समोरचा माणूस दोन लाटा पलीकडे आहे असंच धरून चालायचे. "त्या दुसऱ्या खिडकीत तर बातम्या दिसतात. मग ह्याला काय डोळं न्हाय?"

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ब्राउझर छान चालत होता. मी संस्थेच्या मदत केंद्राला फोन लावला आणि चेअरमनना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे एक शांत आवाजाची मुलगी होती. तिने हिंदीत विचारलं, "मॅडम, आपके यहाँ प्रॉक्सी है क्या?"

चेअरमन ताडकन पुढे आले. "ए बाई! आमच्या सोसायटीत प्रॉक्सी चालत न्हाय! सभेला जो येतो तोच सही करतो. कोणी सांगितलं तुला?"

मी फोनचा स्पीकर बंद केला आणि चेअरमनना सांगितलं की ही ती प्रॉक्सी नव्हे, ही कॉम्प्युटरची. त्यांचं समाधान झालं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या सभेत एका डायरेक्टरने मुंबईला असलेल्या भावाची सही ठोकून दिली होती, हे प्रकरण दिल्लीपर्यंत पोचलंय असं त्यांना वाटत होतं. ते तडक त्या डायरेक्टरच्या घरी निघून गेले, आणि मला अर्धा तास निवांत मिळाला.

त्या मुलीने मला नीट समजावलं. ब्राउझरला वाट माहीत आहे, पण हे सॉफ्टवेअर ब्राउझरला काही विचारत नाही. त्याला त्याची वाट वेगळी सांगावी लागते. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये एक साधी फाईल होती. तिच्यात एकाच ओळीत सगळं लिहायचं: आधी नाव, मग पासवर्ड, मग प्रॉक्सीचा पत्ता, शेवटी पोर्टचा आकडा. मधे कुठे जागा सोडायची नाही.

पत्ता आणि पोर्ट ब्राउझरच्या सेटिंगमध्ये लिहिलेलेच होते, ते उतरवले. नाव होतं 'सोसायटी'. उरला पासवर्ड. तो ब्राउझरच्या जतन केलेल्या पासवर्डांत होता, पण काळ्या ठिपक्यांत. ठिपक्यांशेजारी एक डोळा काढलेला असतो. मी आजूबाजूला बघितलं, का कोण जाणे, आणि डोळ्यावर टिचकी मारली.

इंग्रजी अक्षरांत, सलग, लिहिलं होतं: चेअरमनकेंड.

केंड हा मासा आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच आवडत नाही. जाळ्यात आला की हवा भरून टम्म फुगतो, दातांनी जाळं तोडतो, खायच्या कामाचा नाही, बाजारात कुणी घेत नाही. मी वाडीवाल्यांच्या घरातली, नारळ-सुपारीतली; तरी लहानपणी किनाऱ्यावर टाकून दिलेले केंड आम्ही काठीने टोचून आणखी फुगवायचो. आणि आमचे चेअरमन... आता काय सांगू. सभेत कुणी त्यांना "नमस्कार चेअरमनसाहेब" म्हटलं की त्यांच्या शर्टाचं पोटावरचं बटण आपोआप ताणलं जायचं.

मी तोंडावर ओढणी धरून हसले. इतकी वर्षं आम्ही सगळे, खुद्द चेअरमनसुद्धा, हाच शब्द देऊन रोज पहाऱ्यातून सुटत होतो.

मी ती ओळ लिहिली, फाईल बंद केली, सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं. निळ्या समुद्रावर पिवळे, हिरवे, लाल पट्टे पसरले आणि बारीक बाण सरकायला लागले. परत आलेल्या चेअरमननी ते पाहिलं आणि माझ्या पाठीवर इतक्या कौतुकाने थाप मारली की मी कीबोर्डवर आपटले.

"काय केलंस गो?"

"पासवर्ड टाकला, काका."

"भाऊचा? सापडला? मग तो रजिस्टरात लिही. मोठ्या अक्षरात. खाली मी सही करतो न् शिक्का मारतो."

"रजिस्टरात लिहायचा नसतो, काका. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"इंटरनेटचा," मी म्हटलं. इंटरनेटपुढे ते गप्प बसत.

पौर्णिमेला सकाळी ऑफिससमोर मंडप भरला. पुढे खुर्च्यांवर डायरेक्टर, मागे पुरुष, आणि डाव्या अंगाला कोळणी, नव्या साड्या, अबोलीचे गजरे. साहेब आले. गोरे, घामाघूम, अमराठी, हिंदीत बोलणारे. टीव्ही खिडकीत सजवला होता, त्याला हार. नकाशा सकाळपासून झकास चालू होता. मी निर्धास्त होते, हीच चूक.

चेअरमन माईकसमोर उभे राहिले आणि माईक बंद. स्पीकरवाल्याला वीज कमी पडत होती. चेअरमन गरजले, "अरे आतल्या खोलीतून घे! तिथं कुठला तरी जुना डबा लावलेला हाय, तो काढ न् तुझा लाव!"

मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला नारळाचं ताट धरून उभी होते. "काढू नका!" असं मी ओरडले, पण तेवढ्यात स्पीकर सुरू झाला आणि माझ्या ओरडण्यापेक्षा तो मोठा निघाला. जुना डबा म्हणजे प्रॉक्सी.

चेअरमननी स्वागत केलं. साहेबांना शाल दिली. मग म्हणाले, "आता साहेब बटण दाबतील आन् आपल्याला आख्खा दर्या खिडकीत दिसेल!" साहेबांनी माऊसची टिचकी मारली. टाळ्या पडल्या. नकाशा गेला, पांढरा पडदा आला, आणि त्यावर त्या सॉफ्टवेअरने मनमोकळेपणाने लिहिलं की प्रॉक्सीशी संपर्क होत नाही. कुठल्या प्रॉक्सीशी, तेही लिहिलं. मी फाईलमध्ये घातलेली ओळ जशीच्या तशी, हाताएवढ्या अक्षरांत, हाराच्या मधोमध.

साहेबांनी चष्मा सावरला आणि माईकमध्ये वाचलं, "सोसायटी... चेअरमन... केन्ड. ये केन्ड क्या है?"

कोळणींच्या बाजूने आधी एक खोकला आला. मग बांगड्यांचा आवाज. पुढच्या रांगेतली एक मावशी शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकवून हलत होती. पुरुषांतले काही एकदम आभाळाकडे बघायला लागले. चेअरमनचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती, आणि ती हलत नव्हती.

मी ताटासकट धावले. "केंद्र, सर!" मी म्हटलं. "चेअरमन केंद्र! शेवटचं 'आर ए' राहिलं, टायपिंगची चूक माझी. हे हवामान केंद्र चेअरमनसाहेबांनी पुढाकार घेऊन आणलं ना, म्हणून आम्ही त्याला तसं म्हणतो."

"अरे वा!" साहेब खूश झाले. "चेअरमन केंद्र! बहोत अच्छा!" आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. साहेब वाजवतात म्हटल्यावर मंडपाने वाजवल्या. कोळणींनी तर इतक्या वाजवल्या की हसू त्यात बुडून गेलं. चेअरमन हळूच वळले, दोन्ही हात जोडून सगळीकडे नमस्कार केला. मी आत धावत जाऊन स्पीकरची पिन उपटली आणि प्रॉक्सीची घुसवली. माईक गेला, पण समुद्र परत आला. चेअरमनना माईकची तशीही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. चेहरा अगदी साधा. "ते 'आर ए' घालून टाक," म्हणाले. "केंद्र पुरं कर. लोक नावं ठेवतात."

पण पासवर्ड बदलायचा म्हणजे प्रॉक्सीच्या आत जायला हवं, आणि आत जायचा पासवर्ड निराळा, मालकाचा. तो ब्राउझरलाही ठाऊक नव्हता. भाऊ फोन उचलत नसत. कानाला कमी ऐकू येतं म्हणून फोन कपाटात ठेवायचे. शेवटी मी रोह्यावरून, नागोठण्याला गाडी बदलून, पालीला गेले. बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं, कारण जे तोंड घेऊन मी भाऊंकडे निघाले होते त्याला थोडा आधार हवा होता.

भाऊ मुलीच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. मी पडद्याची, साहेबांची, 'केन्ड'ची सगळी हकीकत मोठ्याने सांगितली, कारण हळू सांगून उपयोग नव्हता. शेजारच्या दोन घरांनीही ती ऐकली असणार. 'केंद्र'पर्यंत आले तेव्हा भाऊंच्या हातातली परात खाली गेली आणि शेंगा ओट्यावरून अंगणात.

"म्हणजे मी त्याला केंड म्हटलं आणि तू त्याचं देऊळ बांधलंस!" ते डोळे पुसत म्हणाले.

"पण का, भाऊ? एवढा राग?"

"राग कसला. बर्फाचं गोदाम झालं ना आपलं? त्याच्यासाठी मी अलिबागला किती खेपा घातल्या मलाच माहीत. उन्हात, पावसात, एसटीत उभा राहून. आणि वार्षिक सभेत हा उठला आणि म्हणाला, 'मी केलं.' एकदा नाही. प्रत्येक वाक्याला. मी शेजारी बसलोय, हातात पाण्याचा पेला, आणि हा फुगतोय. त्याच दिवशी दुपारी तो तंत्रज्ञ आला आणि म्हणाला, 'काका, पासवर्ड काय ठेवू?'" भाऊंनी खांदे उडवले. "तोंडात होतं ते बाहेर पडलं."

"आणि मालकाचा पासवर्ड?"

भाऊ गंभीर झाले. ओट्यावरच सरळ बसले. "तो फार गुप्त. तो मी पाकिटात घालून, लाख लावून, ऑफिसातल्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवलाय. चेअरमनच्या समक्षच उघडायचा. तसा ठराव आहे."

निघताना त्यांनी विचारलं, "त्याला कळलं नाही ना?"

"नाही," मी ठामपणे सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. पण तोंड जरा उतरलं. एवढी मेहनत घेऊन दिलेली शिवी पोचलीच नाही म्हटल्यावर कुणालाही वाईट वाटणारच.

परत आल्यावर मी आणि चेअरमन कपाटापुढे उभे राहिलो. पाकीट निघालं. खरंच लाख, तिच्यावर सोसायटीचा शिक्का, 'अत्यंत गोपनीय' अशी भाऊंच्या वळणदार अक्षरातली ओळ. चेअरमननी मासे कापायच्या सुरीने लाख फोडली. आत एक चौकोनी कागद, चार घड्या घातलेला. मी उलगडला.

एक दोन तीन चार पाच सहा सात आठ.

आम्ही दोघांनी कागद उलटा करून मागे बघितलं. मागे काही नव्हतं.

"ह्याच्यासाठी लाख?" चेअरमन म्हणाले.

मी प्रॉक्सीत शिरले. आकडे टाकले, दार उघडलं. नवा पासवर्ड लिहायचा चौकोन आला. मी शक्य तितक्या साळसूद आवाजात विचारलं, "काका, 'चेअरमनकेंद्र' असंच ठेवू ना?"

ते स्टूल ओढून शेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"पोरी, मी चाळीस वर्सं जाळी ओढली. केंड काय असतो ते मना शिकवतेस?"

"काका, तुम्हाला तेव्हाच..."

"तेव्हाच. साहेबानं वाचायच्या आधी. चेअरमन हे इंग्रजीत मना बरोबर वाचता येतं, लेटरहेडवर रोज बघतो. म्होरची चार अक्षरं लावली."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? आख्खं गाव बघत व्हतं. तिथं फुगलो असतो तर भाऊचंच खरं झालं असतं." त्यांनी शर्टाचं बटण चाचपलं. "मग गप उभा राहिलो. श्वास सोडून. लय अवघड गेलं गो."

मी खाली मान घालून म्हटलं, "माफ करा."

"तू कशाला? तू तर मना केंद्र केलंस." आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, आणि शेवटी तो त्यांचा दोन लाटा पलीकडचा आवाज आतल्या खोलीत असा घुमला की बाहेरून दोन माणसं काय झालं म्हणून डोकावली. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊनं का ठेवलं तसं? सांगितलं का?"

मी खरं ते सांगितलं. गोदामाचं, अलिबागच्या खेपांचं, पाण्याच्या पेल्याचं. ते ऐकून त्यांनी खिडकीकडे बघितलं.

"मी असं बोललो व्हतो?"

"मी तेव्हा नव्हते, काका."

"बोललो असेन," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "गोदाम त्यानंच केलं. मी नुसता नारळ फोडला." आणि लगेच मांडीवर थाप मारून, "पण म्हणून मी केंड? थांब. लिही."

त्यांनी माझ्या कानाशी येऊन नवा पासवर्ड सांगितला. त्यात सेक्रेटरी हा शब्द होता आणि पुढे एका माशाचं नाव. तो मासा कुठला ते मी लिहीत नाही, कारण पासवर्ड आजही चालू आहे. एवढंच सांगते की केंडापेक्षा तो वाईट आहे आणि भाऊंच्या चालण्यावर अगदी चपखल बसतो. सगळ्या ब्राउझरांत आणि त्या फाईलमध्ये मी तो घातला. मदत केंद्राच्या मुलीला फोन करून पडद्यावर अख्खी ओळ झळकणार नाही असा बंदोबस्तही करून घेतला.

चेअरमननी स्वतः पालीला फोन लावला, मी तिथून येताना आणलेल्या मुलीच्या नंबरावर. "भाऊ," ते ओरडले, आणि या वेळी ओरडायचं कारण होतं, "तुझा पासवर्ड वाचला! आता माझा वळख!"

भाऊ दिवाळीनंतर आले. ओळखायलाच आले होते. बाहेरच्या कॉम्प्युटरवर मी पासवर्डाचा रिकामा चौकोन उघडून दिला आणि ते एकेका बोटाने 'सेक्रेटरी'पुढे माशांची नावं टाकत बसले. बांगडा, सुरमई, वाकटी, मुडदुशी. चांगले मासे संपत आले तसा त्यांचा चेहरा पडत गेला. चेअरमन शेजारच्या खुर्चीत, दोन्ही हात पोटावर, प्रत्येक चुकीला मान हलवत. सकाळची दुपार झाली, मी दोनदा चहा आणला. मधेच खिडकीतल्या नकाशावर एक पिवळा पट्टा पुढे सरकला. भाऊ म्हणाले वारा वायव्येचा आहे, चेअरमन म्हणाले न्हाय, उत्तरेचा, आणि दोघं उठून तो पट्टा काचेवर बोट ठेवून मोजायला गेले.